पाच हजार डॉलर खार्टूमच्या गल्लीत पोचतात कसे?

युद्ध सुरू झालं की बातम्यांमध्ये मदतीचे आकडे यायला लागतात, अमुक देशाने इतके कोटी डॉलर जाहीर केले, तमुक परिषदेत इतके अब्ज गोळा झाले, आणि वाचणाऱ्याला वाटतं की चला, निदान जेवायची तरी सोय झाली. पण जाहीर झालेला पैसा आणि एखाद्या गल्लीत चुलीवर चढलेलं पातेलं यांच्या मध्ये काय काय घडतं हे फारसं कोणी सांगत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे, त्यात फॉर्म आहेत, बँका आहेत, पावत्या आहेत. मला विचाराल तर सगळी गंमत तिथेच आहे. म्हणून आज छोट्या ग्रँटबद्दल, म्हणजे स्थानिक संस्थांना आणि गटांना दिल्या जाणाऱ्या काहीशे ते काही हजार डॉलरच्या रकमांबद्दल, आणि उदाहरण सुदानचं घेऊ, कारण हा प्रकार सध्या तिथे जितका नीट दिसतो तितका क्वचित कुठे दिसत असेल.

आधी थोडं मागचं. १५ एप्रिल २०२३ ला खार्टूममध्ये सुदानचं सैन्य आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली, एकीकडे जनरल बुरहान, दुसरीकडे हेमेदती, दोघंही आधी सत्तेत एकत्रच बसलेले. राजधानीच रणांगण झाली. परदेशी दूतावास बंद झाले, आपल्या सरकारने 'ऑपरेशन कावेरी'त साडेतीन हजारांहून जास्त भारतीयांना बाहेर काढलं, यूएनची आणि मोठ्या एनजीओंची ऑफिसं लांब लाल समुद्राकाठी पोर्ट सुदानला गेली. पुढे एक कोटी वीस लाखांच्या वर लोकांना घर सोडावं लागलं. आणि खार्टूममध्ये जे उरले त्यांच्याजवळ मदतीला कोण होतं, तर शेजारी.

या शेजाऱ्यांनी गल्लोगल्ली गट केले, त्यांना इंग्रजीत 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स' म्हणतात, आपण रूम म्हणू. हे काही आभाळातून पडलं नाही. २०१८-१९ मध्ये ओमर अल-बशीरच्या राजवटीविरुद्ध आंदोलन झालं तेव्हा मोहल्ल्या-मोहल्ल्यात प्रतिकार समित्या होत्या, त्याच पोरापोरींची ओळख-पाळख, त्यांचेच व्हॉट्सॲप ग्रुप. त्याच्याही मागे 'नफीर' ही जुनी पद्धत, म्हणजे पेरणी असो, पूर असो, कोणाचं घर बांधायचं असो, हाक दिली की सगळ्यांनी हात लावायचा, २०१३ च्या पुरात खार्टूमच्या तरुणांनी याच नावाने काम उभं केलं होतं. आणि सूफी परंपरेतली अन्नछत्रं, तिकडे 'तकिया' म्हणतात, तीही होतीच. लढाई सुरू झाल्यावर हे सगळं एकत्र आलं आणि सामुदायिक किचनं सुरू झाली, कुठे दवाखाना चालू ठेवला, कुठे पाण्याचा पंप, कुठे अडकलेल्या कुटुंबांना बाहेर काढायची सोय.

सुदान म्हटल्यावर आपल्याला फार लांबचं वाटतं, पण पुण्यात शिकायला आलेली सुदानी मुलं अनेकांनी पाहिली असतील, आणि खडकवासल्याच्या एनडीएची जी मुख्य इमारत आहे तिचं नावच 'सुदान ब्लॉक'. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या आठवणीसाठी सुदानच्या तेव्हाच्या सरकारने एक लाख पौंड दिले होते, फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते तिथे लागले. म्हणजे तिकडून इकडे पैसा आला त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली, असो.

तर सुरुवातीला या रूमना पैसा कुठून आला? गल्लीतल्या लोकांनी दिला आणि आखातात, इंग्लंड-अमेरिकेत असलेल्या सुदानी नातेवाईकांनी पाठवला. पण नातेवाईक तरी किती महिने पाठवणार, त्यांच्या स्वतःच्या घरचे दहाजण कैरोत नाहीतर चाडमध्ये भाड्याच्या खोलीत बसलेले. मग मोठ्या डोनरकडे बघावं लागलं आणि तिथून खरी कटकट सुरू झाली.

मोठ्या मदतीचा पैसा एका साखळीतून खाली येतो. श्रीमंत देशाचं सरकार यूएनच्या एजन्सीला देतं, ती आंतरराष्ट्रीय एनजीओला, ती देशपातळीवरच्या संस्थेला, आणि मग शेवटी, झालाच तर, गल्लीतल्या गटाला. प्रत्येक टप्प्यावर ऑफिस चालवायचा खर्च म्हणून साधारण सात टक्के कापायची पद्धत आहे. हिशोब करून बघा, तीन टप्पे धरले तरी शंभराचे ऐंशी होतात, आणि हे फक्त वरचं कापणं, प्रत्येकाचे स्वतःचे पगार, गाड्या, सिक्युरिटी, कन्सल्टंट हे वेगळं प्रोजेक्टच्या खर्चात बसवलेलं असतं. विशेष म्हणजे शेवटच्या गटाला हे सात टक्के बहुतेक वेळा मिळतच नाहीत, त्याने म्हणे फक्त डाळ-तांदूळ घ्यायचे, फोनचा रिचार्ज खिशातून मारायचा.

हे चूक आहे हे सगळ्यांना माहीत होतं. २०१६ च्या मे महिन्यात इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या डोनरांनी आणि एजन्सींनी 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार केला, त्यात ठरलं की २०२० पर्यंत किमान २५ टक्के पैसा स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना शक्य तितका थेट द्यायचा. २०२२ चा हिशोब निघाला तेव्हा थेट गेलेला वाटा होता १.२ टक्के. पंचवीस कुठे आणि सव्वा कुठे! बरं यात पैशाची टंचाई हे कारण नाही. एका अभ्यासात तर असं निघालं की मधला टप्पा स्थानिक संस्थेकडे दिला तर तेच काम सुमारे ३२ टक्के स्वस्तात होतं. मग अडतंय कुठे? माझ्या मते अडतंय हिशोब कोणाला द्यायचा यावर, आणि हा लेख खरं तर त्याच्यावरच आहे.

आपल्याकडच्या गणेश मंडळाचं घ्या. वर्गणी गोळा होते, मांडवाशेजारी बोर्डावर जमा-खर्च लागतो, आणि ज्याने पन्नास रुपये दिलेत तो काकासुद्धा येऊन विचारतो की डेकोरेशनवाल्याला एवढे कसे दिले. खजिनदार पैसे खाऊन त्याच गल्लीत राहू शकत नाही. खार्टूममधली रूमही या हिशोबावर चालते, लाईनीत उभ्या असलेल्या बाईला माहीत असतं काल किती पोती आली होती. पण ब्रुसेल्स किंवा वॉशिंग्टनमधल्या ऑडिटरला हा बोर्ड चालत नाही, त्याला पाहिजे नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, संस्थेच्या नावाचं बँक खातं, तीन कोटेशनं, जीएसटी-टाईप बिलं, आणि यादीतला प्रत्येक माणूस कुठल्या दहशतवादी यादीत नाही ना याची तपासणी. रूमकडे यातलं काहीच नसतं. सरकारकडे नोंदणी करायची तर कुठल्या सरकारकडे, एका बाजूकडे केली की दुसरी बाजू तुम्हाला हेर म्हणते.

छोटी ग्रँट हा या अडचणीवर काढलेला मार्ग. एक नोंदणी झालेली संस्था, सुदानी असेल किंवा बाहेरची, ती डोनरसमोर सही करते, ऑडिट, कायदा, यादी तपासणी सगळी जोखीम स्वतःच्या अंगावर घेते, आणि पुढे रूमला छोटी रक्कम साध्या अटींवर देते. अर्ज पान-दोन पानांचा. आम्ही कोण, वस्तीत किती कुटुंबं आहेत, लोकांनी मिळून काय ठरवलं, साधारण खर्च किती, पैसे कोण हाताळणार आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार. एकाच माणसाच्या हातात सगळं नको म्हणून खरेदी करणारा वेगळा, पैसे घेणारा वेगळा, लिहून ठेवणारा वेगळा. सुदानी रूमनी तर स्वतःचेच फॉर्म बनवले, बजेटचा वेगळा, खर्चाचा वेगळा, झालेल्या कामाचा वेगळा, आणि डोनरांना सांगितलं की दहा जणांनी दहा प्रकारचे फॉर्म पाठवू नका, हेच सगळ्यांना मिळतील. मला हे फार आवडलं. नाहीतर आपल्याकडे कुठल्याही एनजीओत काम केलेल्याला विचारा, अर्धा मार्च महिना वेगवेगळ्या डोनरच्या यूसी, म्हणजे पैसा कुठे वापरला त्याचे दाखले, वेगवेगळ्या एक्सेलमध्ये भरण्यात जातो.

रूमच्या वर उतरंडही आहे, गल्लीची रूम, तिच्यावर तालुक्यासारख्या भागाची, तिच्यावर राज्याची. खार्टूम राज्यात असे सात भाग आहेत, ओमदुरमान, बाहरी, जबल औलिया वगैरे. पैसे आले की कुठल्या भागाला किती हे वरच्या डोनरने नाही तर रूमच्या प्रतिनिधींनी बसून ठरवायचं, कुठे वेढा पडलाय, कुठे नवीन माणसं आलीत, कुठली किचनं बंद पडायला आलीत हे बघून. भांडणं होतात का? होतात ना. पण ज्यांना तिथलं माहीत आहे त्यांची भांडणं असतात ती.

आता एका किचनचं कागदावरचं बजेट कसं दिसेल ते बघू, आकडे नाही लिहीत, फक्त रकाने. समजा पाच हजार डॉलर मंजूर झाले, म्हणजे आपले चार लाखांच्या वर, एक महिना किचन चालवायचं. पहिल्या ओळीत मसूर. मग 'फूल', म्हणजे तिकडचा तो मोठा घेवडा जो रात्रभर शिजवतात. मग ज्वारी, कारण ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड, 'असीदा', हे तिथलं रोजचं खाणं. ज्वारी घेतली की दळणाचे पैसे आले, आणि चक्कीवाल्याला डिझेल मिळालं नाही तर दुसऱ्या मोहल्ल्यात जायचं आणि मध्ये दोन चेकपोस्ट. तेल, कांदा, मीठ. गॅस नसतो तेव्हा कोळसा किंवा लाकूड. पाणी गाढवाच्या गाडीवरच्या टाकीतून येतं, त्याचा रेट लढाई जवळ आली की वाढतो. मोठी पातेली भाड्याने. मग इंटरनेट, आणि इथे परदेशातला डोनर हमखास विचारतो की जेवणाच्या बजेटमध्ये इंटरनेट कशाला.

तर कशाला ते सांगतो. खार्टूममधल्या बँकांच्या शाखा लुटल्या गेल्या, बंद पडल्या, आणि पैसा चालतो तो बहुतेक 'बँकक' नावाच्या ॲपवर, बँक ऑफ खार्टूमचं ते ॲप, आपल्या यूपीआयसारखं फोनवरून फोनवर. पण नेट नसेल तर ॲप म्हणजे नुसतं चित्र. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर नेट गेलं तेव्हा पैसे खात्यात असूनही किचनं थांबली, कारण दुकानदाराला ट्रान्सफरच करता येईना. मग लोक तस्करीने आलेल्या स्टारलिंकच्या, म्हणजे उपग्रहावरून नेट देणाऱ्या, डिशजवळ तासावर पैसे मोजून बसायला लागले, आणि ती डिश बऱ्याचदा बंदूकवाल्यांच्या ताब्यातल्या दुकानात. त्यातून पुढे ॲपमधले पैसे नोटांमध्ये पाहिजेत तर कमिशन, दहा-वीस टक्के, टंचाईच्या ठिकाणी त्याहून बरंच वर. डिसेंबर २०२४ मध्ये सैन्याच्या बाजूच्या सरकारने त्यांच्या भागात नवीन नोटा आणल्या आणि जुन्या बाद केल्या, आरएसएफच्या भागात जुन्याच चालू राहिल्या, म्हणजे एकाच देशात या चेकपोस्टच्या अलीकडे चालणारी नोट पलीकडे रद्दी. नोटबंदीच्या लाईनीत उभं राहिलेल्यांना थोडी कल्पना येईल, फक्त इथे वर बॉम्ब पडत असताना.

आणि भाव! युद्धाआधी डॉलरला सहाशेच्या आसपास सुदानी पौंड मिळायचे, दोन वर्षांत काळ्या बाजारात अडीच हजारांच्या वर. अर्ज केला जानेवारीत, मंजुरी आली मार्चमध्ये, तोपर्यंत मसुराच्या पोत्याचा भाव कुठल्या कुठे. जुन्या पद्धतीच्या ग्रँटमध्ये बजेटची ओळ बदलायची तर परवानगीचं पत्र लागतं, आणि ते पत्र येईपर्यंत माणसं उपाशी. म्हणून चांगल्या छोट्या ग्रँटची माझी कसोटी साधी आहे, मंजुरीला आठवडे लागतात की महिने, आणि मसूर नाही मिळाला म्हणून ज्वारी घेतली तर कोणाला विचारावं लागतं का.

पावत्यांचंही तसंच. वेढ्यातल्या बाजारात कोण छापील बिल देणार, उलट दुकानदारालाच भीती की कागदावर नाव आलं तर उद्या कोणीतरी दारात. मग तडजोड अशी की साध्या वहीतली नोंद, ॲपच्या ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट, दोन-तीन जणांच्या सह्या, पातेल्याचा फोटो. फोटो हा वेगळा विषय आहे. डोनरला जेवणाऱ्या मुलांचे चेहरे पाहिजेत, फेसबुकवर टाकायला बरे पडतात. पण त्याच फोटोवरून किचनची जागा कळते, स्वयंसेवक ओळखू येतात, आणि सुदानमध्ये दोन्ही बाजूंनी स्वयंसेवकांना पकडलेलं आहे, काहींचा जीव गेलाय. त्यामुळे ज्यांना कामाची समज आहे ते हातांचे, पोत्यांचे, पातेल्यांचे फोटो मागतात, चेहरे आणि लोकेशन नको म्हणतात. कोणी लाभार्थ्यांची नावं-पत्त्यांसकट यादी ईमेलवर मागत असेल तर तो डोनर किती का मोठा असेना, त्याला युद्ध कळलेलं नाही.

या सगळ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर वाटेल की स्थानिक म्हणजे सगळे संतच. बायकांचं उदाहरण घ्या. किचनमध्ये स्वयंपाक बायकाच करत होत्या, पण पैशाचं ठरवताना खोलीत पुरुषच जास्त, आणि सॅनिटरी पॅड, बलात्कारानंतरचे उपचार, बाळंतपण हे विषय यादीत खाली खाली जात राहिले. मग बायकांनी वेगळ्या 'विमेन्स रिस्पॉन्स रूम्स' काढल्या आणि स्वतःच्या नावाने ग्रँट मागायला लागल्या. गल्लीचा गट म्हणजे गल्लीतल्या प्रत्येकाचा गट असं नसतं, कुठल्या जमातीचा, कुठल्या भागातून आलेला निर्वासित, कोण कोणाचा पाहुणा हे सगळं तिथेही आहेच. चोरीही होते. पण छोट्या रकमेत तोटा छोटा असतो आणि लवकर कळतो, शंभर रूमना पाच-पाच हजार दिले आणि चार ठिकाणी घोळ झाला तर शहाण्णव किचनं चालू राहतात.

आणि मोठी रक्कम एकदम आली तर गट मोडतोही, हे डोनरांना पटकन पटत नाही. कालपर्यंत पाच हजारावर चालणाऱ्या रूमच्या खात्यात दोन लाख डॉलर आले की पगार कोणाला, गाडी कोणाची, असे प्रश्न येतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेकपोस्टवाल्यालाही बातमी लागते. वाढवायचं तर हळूहळू, किंवा रूमची संख्या वाढवून. उलट टोकाला स्वयंसेवकांना काहीच न देणं. दोन-दोन वर्षं फुकट राबणारी पोरं, स्वतःच्या घरी खायला नाही, आणि ग्रँटच्या अटीत लिहिलेलं की मानधन चालणार नाही. त्याच प्रोजेक्टवर पोर्ट सुदानच्या हॉटेलात राहून देखरेख करणाऱ्याचा पगार मात्र चालतो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मग आला जानेवारी २०२५. अमेरिकेने परदेशी मदत एका फटक्यात गोठवली. रूमचा बराच पैसा मधल्या संस्थांमार्फत अमेरिकेतूनच येत होता, काही आठवड्यांत सुदानमधली अकराशेच्या वर किचनं बंद झाल्याच्या बातम्या आल्या, एकूण किचनांच्या जवळपास ऐंशी टक्के. एका डोनरवर एवढं अवलंबून राहिल्याचा परिणाम. उरलेली चालली ती परत नातेवाईकांच्या पैशावर आणि छोट्या-छोट्या देणग्यांवर. मजा बघा, त्याच वर्षी या रूमना नॉर्वेचा राफ्टो पुरस्कार मिळाला, 'राइट लाइव्हलीहुड' मिळाला, पेपरात कौतुक छापून आलं, आणि इकडे मसुराला पैसे नाहीत.

युक्रेनमध्ये चित्र जरा वेगळं. तिथे बँका चालू आहेत, कार्ड चालतं, लोक मोनोबँकेच्या ॲपवर वर्गणी गोळा करतात, पावती मिळते. म्हणून तिथे पैसा पोचवणं हा प्रश्न कमी, पण मुदतीचा प्रश्न मोठा, तीन-तीन महिन्यांच्या ग्रँटवर संस्था चालवायची, दर तिमाहीला नवा अर्ज, आणि अर्ज इंग्रजीत. खारकीव्हजवळच्या खेड्यातल्या चांगल्या कामाच्या बाईला इंग्रजी प्रपोजल लिहिता येत नाही म्हणून पैसा कीव्हमधल्या चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्या संस्थेकडे जातो, असं होऊ शकतं. आपल्या तालुक्यातल्या संस्थांना हे वेगळं सांगायला नको.

भारतात तर हा मधल्या संस्थेचा मार्ग परदेशी पैशासाठी कायद्यानेच बंद आहे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला पैसा एक संस्था दुसऱ्या संस्थेला देऊच शकत नाही, दुसरीकडेही एफसीआरए नोंदणी असली तरी नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आणि पहिलं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडायचं. म्हणजे मुंबईतल्या मोठ्या ट्रस्टने परदेशातून पैसा आणून गडचिरोलीतल्या चार छोट्या गटांना वाटायचा, हे आता होत नाही. सरकारची बाजू अशी की पैसा कुठे जातो ते दिसलं पाहिजे. ते मान्य, पण ज्याच्याकडे दिल्लीला खातं उघडायची आणि सीए ठेवायची ताकद नाही तो गट आपोआप बाहेर पडला, हेही तितकंच खरं.

शेवटी, काहीजण विचारतात की इथून सुदानच्या किचनला द्यायचे झाले तर काय. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एलआरएस, म्हणजे बाहेर पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि त्यात देणगीही बसते, पण परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सूट नाही. इथल्या ट्रस्टला भारताबाहेर खर्च करायचा तर आयकर खात्याची वेगळी मंजुरी लागते, त्यामुळे सोसायटीतली वर्गणी एखाद्या ओळखीच्या ट्रस्टमध्ये टाकून तिकडे पाठवू असा विचार असेल तर आधी सीएला विचारा. थेट सुदानला ट्रान्सफर टाकलात तर बँक बहुतेक प्रश्न विचारेल, अडकवूनही ठेवेल. त्यापेक्षा इंग्लंड-अमेरिकेत नोंदणी असलेली, रूमसाठी पैसे घेणारी संस्था बघा, आणि देण्याआधी त्यांना दोनच गोष्टी मेल करून विचारा, रूमपर्यंत शंभरातले किती पोचतात आणि तिथे कॅश करण्याचं कमिशन कोण भरतं. यातलं दुसरं उत्तर ज्यांच्याकडे तयार असतं त्यांचं तिथे खरंच काहीतरी चालू असतं.